प्लेग, अफवा आणि पडताळणीचा हक्क

१८९६ च्या ऑक्टोबरअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. शहरात गाठीचा ताप पसरत होता, रोज प्रेते निघत होती, आणि ज्या इमारतीत उपचारांची सोय केली होती तिच्यावरच लोक चालून गेले. कारण गावभर बोलले जात होते. आत नेलेला माणूस परत येत नाही. डॉक्टर त्याला उलटा टांगतात, खाली जाळ करतात आणि त्याच्या अंगातून 'मोमियाई' नावाचे तेल काढतात. त्याच महिन्यात एस्प्लनेडवरच्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. त्यामुळे दुसरी गोष्ट उठली: अपमान झालेली राणी रयतेची काळजे मागते आहे आणि रुग्णालये ती पुरवत आहेत. सरकारी अधिकाऱ्यांनी या गोष्टी आपल्या अहवालांत नोंदवल्या आणि त्यांवर अडाणीपणाचा शेरा मारला. आज मोबाइलवरून फिरणाऱ्या खोट्या बातम्यांविषयी सुशिक्षित मंडळी बोलतात, तेव्हाही निदान बहुधा हेच असते. लोकांना कळत नाही, म्हणून ते फसतात. त्यांना शिकवा किंवा धाक दाखवा. हे निदान तेव्हा चुकीचे होते, आणि प्लेगच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास ते का चुकीचे होते हे दाखवतो. अफवा जिथे ओसरली तिथे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी खरेखोटे पाहण्याची वाट मिळाली होती. जिथे ती वाट बुजवली गेली तिथे अफवा माजली, आणि शहाण्यासुरत्या माणसांनाही तिने गाठले.

त्या शरद ऋतूत सामान्य मुंबईकराला काय काय ठाऊक होते, ते आधी पाहू. मांडवीतल्या रुग्णाला प्लेग आहे असे २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी जाहीर केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत व्यवसाय करणारे आणि महापालिकेचे सभासद. त्यांच्या निदानावर अधिकारी मंडळी सुरुवातीला सहज विश्वास ठेवायला तयार नव्हती. बंदराच्या व्यापारावर काय परिणाम होईल, परदेशी बंदरे मुंबईची जहाजे घेतील की नाही, ही चिंता मोठी होती, आणि रोगाला थेट नाव देण्यात चालढकल झाली. इकडे मांडवीच्या गोदामांभोवती उंदीर आणि माणसे मरत असल्याचे तिथल्या हमालांना दिसत होते. म्हणजे सरकार पहिल्याच आठवड्यांत लोकांच्या अनुभवापेक्षा वेगळे बोलताना आढळले. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालिका आयुक्त स्नो यांचा हुकूम निघाला, आणि रुग्णाला जबरदस्तीने उचलून रुग्णालयात नेण्याचा अधिकार पालिकेने घेतला. काल जो रोग नव्हता त्याच्यासाठी आज पोलीस दारात उभे राहिले. रुग्णालयात नेलेल्यांपैकी बरेच जण मरत होते, हेही खरेच होते. घरचे लोक रुग्णाला लपवत, तो अखेरच्या अवस्थेत सापडे आणि मग नेला जाई. नातेवाइकांना आत प्रवेश अवघड होता. प्रेताची तपासणी होत असे, कधी चिरफाडही होत असे, आणि त्याचे कारण घरच्यांना कोणी सांगत नव्हते. मोमियाईची भीती प्लेगच्या आधीपासून लोकांत होती. या सगळ्या खऱ्या तुकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागा तिने भरल्या.

यावर कोणी म्हणेल की असे समजून घेणे म्हणजे अंधश्रद्धेला शहाणपणाचा अंगरखा चढवणे आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तर देताना अफवेने केलेले नुकसान लपवून चालणार नाही. तेल काढण्याची गोष्ट सपशेल खोटी होती आणि तिने माणसे मारली. तिच्यापायी रुग्ण माळ्यावर, पेटाऱ्यांत, कोळशाच्या खोलीत लपवले गेले, आणि घरातले बाकीचेही आजारी पडले. आठ-साडेआठ लाखांच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोकणाकडे जाणाऱ्या बोटींतून आणि घाटावर जाणाऱ्या आगगाड्यांतून रोगही गावोगाव गेला. पण अडाणीपणा हेच अफवेचे कारण असते, तर अडाणीपणा टिकेल तोवर ती भीतीही टिकायला हवी होती. दीड-दोन वर्षांत मुंबईची साक्षरता काही बदलली नाही, तरीही रुग्णालयाची भीती कित्येक जमातींत ओसरत गेली. मधल्या काळात बदलली ती व्यवस्था. १८९७ च्या मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि तिने जातीजमातींना स्वतःची रुग्णालये उघडू दिली. खोजा, पारशी, भाटिया, मेमण अशा अनेकांची रुग्णालये उभी राहिली. तिथे आपले वैद्य, आपल्या हातचे पाणी, आपल्या पद्धतीचा अंत्यसंस्कार असे, आणि मुख्य म्हणजे रुग्णाजवळ बसायला घरचे माणूस असे. ज्या इमारतीत आपली आत्या रात्रभर बसून आली आहे, तिथे तेलाच्या कढया नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा रुग्णालयांतही माणसे मरत होतीच, कारण प्लेगवर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. मृत्यू थांबले नसतानाही संशय कमी झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुण्याजवळ, सासाणे यांच्या माळावर, डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णसेवेचे केंद्र उघडले. तिथे आजारी माणसांना आणणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अर्धशतक ज्या वस्त्यांत त्या वावरल्या, त्या वस्त्यांतल्या लोकांनी आपली मुले त्यांच्या स्वाधीन केली. या विश्वासाची तुलना त्याच आठवड्यात पुण्यात जे सुरू झाले त्याच्याशी करावी. ४ फेब्रुवारी १८९७ पासून साथरोग कायदा लागू झाला होता. रँड यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग समितीने १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडती सुरू केली. पेठांतल्या वाड्यांत सैनिक शिरत, देवघरापर्यंत जात, कपडेलत्ते आणि सामान रस्त्यावर आणून जाळत. बायामाणसांच्या काखा-जांघा तपासण्याच्या रीतीने लोक सर्वाधिक दुखावले गेले. टिळक पुणे सोडून गेले नाहीत. रोग्यांना वेगळे ठेवले पाहिजे हे तत्त्व त्यांना मान्य होते, हिंदूंसाठी रुग्णालय उघडण्यातही त्यांनी पुढाकार घेतला, आणि तरीही 'केसरी'तून त्यांनी झडतीच्या पद्धतीवर कडाडून टीका केली. उपाय मान्य, रीत अमान्य, असा हा विरोध होता. सरकारला तो राजद्रोहापासून वेगळा ओळखता आला नाही. नातू बंधूंनी सैनिकांच्या वर्तनाच्या तक्रारी नेल्या होत्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि त्यांच्यासोबतचे लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढच्या महिन्यात त्याच नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, डांबले गेले. त्याच जुलैत टिळकांनाही अटक झाली आणि पुढे दीड वर्षाची शिक्षा मिळाली. या गोळ्या दामोदर चापेकरांनी आपल्या साथीदारांसह घडवून आणलेल्या कटातल्या होत्या. राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचेही दामोदर यांनी पुढे कबूल केले. म्हणजे मुंबईतल्या काळजांच्या अफवेला निमित्त झालेली घटना आणि पुण्यातला खून यांमागे एकच माणूस होता. हे कळायला मात्र वर्ष गेले, आणि तोवर तक्रार घेऊन जाण्याचे धैर्य शहरातून नाहीसे झाले होते.

अशा वातावरणात खरे आणि खोटे वेगळे करणे किती कठीण होते, याचा पुरावा गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीत मिळतो. १८९७ च्या उन्हाळ्यात ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्यातल्या स्नेह्यांची पत्रे त्यांना येत होती. त्यांतल्या मजकुरावर विसंबून जुलैमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ला दिलेल्या माहितीत त्यांनी सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने पुढे जीव दिला. त्यावर पार्लमेंटात प्रश्न निघाले आणि मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. गोखले मुंबईला परतले, तेव्हा ज्यांच्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली होती त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन नाव द्यायला, साक्ष द्यायला तयार नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांनी आरोप मागे घेतला आणि सैनिकांची बिनशर्त क्षमा मागितली. ती क्षमायाचना वृत्तपत्रांत छापून आली. इंग्रजी पत्रांनी त्यांना लबाड ठरवले, आणि आपल्याकडच्या पुष्कळांना हे शेपूट घालणे वाटले. प्रत्यक्षात पुण्यात काय घडले होते, हे त्या क्षमायाचनेने सिद्ध होत नाही. आरोप शाबीत करता आला नाही एवढेच तिच्यातून निघते. पंडिता रमाबाईंनीही त्याच काळात पुण्यातल्या प्लेग छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीरपणे लिहिले होते, त्यामुळे सगळे कपोलकल्पित होते असे कोणी म्हणू नये. ज्याची पडताळणी झाली नाही ते आपण जगापुढे ठेवले आणि त्याची भरपाई आपणच जगापुढे केली पाहिजे, हे गोखल्यांनी ओळखले. त्यानंतर ते पुण्यातल्या प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले, आणि १८९९ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले. चूक मान्य केल्याने त्यांची पत गेली असे म्हणणाऱ्यांना काळानेच उत्तर दिले. मात्र या प्रकरणात सरकारचा वाटाही तितकाच मोठा आहे. जिथे तक्रारदाराला तुरुंग दिसतो तिथे साक्षीदार गप्प बसतो. साक्षीदार गप्प बसला की खरी तक्रार आणि खोटी कंडी दोन्ही सारख्याच निनावी होतात आणि एकाच वाटेने फिरतात. पत्र पाठवणारा पुण्यात निर्भयपणे बोलू शकला असता, तर गोखल्यांना विलायतेत चूक करण्याची वेळ आली नसती.

साथीत समजूत घालायला वेळ कुठे असतो, हा दुसरा आक्षेप. आग लागली असताना दारावर टकटक करीत बसायचे का, असे तेव्हाचे अधिकारी विचारत आणि आजचेही विचारतात. सक्तीने नेमके काय साधले, हे या प्रश्नापुढे ठेवावे लागते. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातल्या विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीची तपासणी करण्यावरून दंगल उसळली, माणसे मेली, आणि त्यानंतर सरकारनेच सक्तीची धार कमी केली. जो वेळ वाचवायचा म्हणून दडपशाही केली, तो दंगलीत, पळापळीत आणि लपवाछपवीत गेला. दुसरी गोष्ट याहून अडचणीची आहे. ज्या ज्ञानाच्या जोरावर घरे उकरली जात होती, ते ज्ञानच अपुरे होते. अधिकाऱ्यांचा रोख घाण, ओल, कोंदट हवा आणि माणसामाणसांतला संसर्ग यांवर होता. म्हणून भिंती जंतुनाशकाने धुतल्या, कौले काढली, जमिनी खणल्या. उंदरांवरच्या पिसवा रोग वाहून नेतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. तरी सरकारी प्लेग आयोगाने ते मानले नाही, आणि १९०५ नंतरच्या संशोधनाने पिसवांची गोष्ट पक्की होईपर्यंत आणखी कित्येक हंगाम गेले. उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या बांधायच्या, ही खेड्यापाड्यांतली रीत मात्र पुढे शास्त्राच्याही कसोटीला उतरली. याचा अर्थ डॉक्टर आणि गावकरी सारखेच, असा घेऊ नये. डॉक्टरांजवळ चूक शोधून काढण्याची रीत होती आणि तिनेच अखेर पिसू सापडली. पण आपले आजचे ज्ञान उद्या बदलू शकते हे लोकांना सांगितलेच नाही, तर ते बदलते त्या दिवशी लोक त्याला लबाडी समजतात. करोनाच्या काळात मास्कविषयी आणि औषधांविषयी सूचना बदलत गेल्या, तेव्हा हेच पुन्हा घडले. त्या वेळीही १८९७ चाच कायदा हाताशी घेतला गेला होता.

लसीची कथा या सगळ्यात आशादायक आहे आणि तितकीच दुःखदायकही. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत काम करू लागले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तिथल्या निम्म्याच्या आसपास कैद्यांना टोचण्यात आले. बाकीच्यांशी तुलना केल्यावर टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. (तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे; तेव्हा तो फारसा कोणी विचारला नाही.) हा पुरावा आकड्यांत मांडलेला होता आणि आकडे बाजारात पोचत नव्हते. बाजारात पोचले होते ते असे: सुई गजभर लांब असते, टोचलेला जागीच मरतो, वाचलाच तर सहा महिने जगतो, पुरुषाचे पौरुष जाते आणि बाईला मूल होत नाही. या गोष्टींना मुंबईत ज्यांनी परिणामकारक उत्तर दिले त्यांत आगाखान होते. विशीतल्या या खोजा इमामांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतले, एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली. मग खोजा समाजातून हजारोंनी माणसे पुढे आली. यावर कोणी म्हणेल, ही तर नुसती श्रद्धा झाली. लोकांनी विचार न करता धर्मगुरूचे अनुकरण केले. पण इमाम लस घेऊन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहा महिन्यांनी हिंडताफिरता दिसत होता, आणि 'सहा महिन्यांत मरतो' या दाव्याची पडताळणी रस्त्यावरच्या कोणालाही करता येत होती. पहिले पाऊल त्यांच्यावरच्या भरवशाने पडले हे खरे, पुढची पावले शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाहून पडली.

मग मल्कोवाल घडले. पंजाबातल्या या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना टोचले गेले. त्यांपैकी एकाच बाटलीतून, ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतून, टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेले धडधाकट राहिले. बूच काढण्याचा चिमटा त्या वेळी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. पण सरकारी चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन पदावरून गेले, आणि हा घोळ वर्षानुवर्षे चालला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये २९ जुलै १९०७ रोजी पत्र छापून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग धुतला गेला. दरम्यान पंजाबातली टोचणीची मोठी मोहीम कोसळली होती, आणि प्लेगने सर्वाधिक बळी घेतले त्या प्रांतांत पंजाब होता. लसीविषयीच्या शंभर खोट्या गोष्टींना एका खऱ्या अपघाताने बळ दिले. हा अपघात कसा झाला, कोणती बाटली, कोणाच्या हातून, बाकीचे का वाचले, हे सगळे पहिल्या महिन्यातच उर्दूत आणि पंजाबीत गावोगाव सांगितले असते तर? सरकारी बाजूने उत्तर येईल की त्याने घबराट वाढली असती. घबराट तशीही वाढलीच होती; एका गावात १९ माणसे दगावली तर शेजारच्या गावांना कळायला गॅझेट लागत नाही. लपवल्याने अपघात लपला नाही, त्याचे कारण तेवढे लपले. त्यामुळे 'चिमटा पडला' ही दुरुस्त होण्याजोगी गोष्ट कानी न येता 'लस मारते' हेच लोकांपर्यंत पोचले.

प्लेगच्या सुरुवातीच्या अनुभवातून सरकारने कायदा मात्र मल्कोवालच्या आधीच केला होता. १८९८ च्या चौथ्या कायद्याने दंडविधानातले राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक केले, १५३अ घातले आणि ५०५ नव्याने लिहिले. या ५०५ मध्ये विधान, अफवा किंवा वृत्त पसरवून लोकांत भय किंवा क्षोभ माजवणे हा गुन्हा ठरला. हे कलम स्वतंत्र भारतातही राहिले, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३५३ म्हणून वावरते आहे. समाजमाध्यमांवरच्या अफवेचा गुन्हा नोंदवताना पोलीस आजही याच घराण्याच्या कलमाचा आधार घेतात. अशा कलमाची काहीच गरज नाही, असे मी म्हणणार नाही. जाणूनबुजून आग लावणाऱ्याला शिक्षा हवीच. पण १८९८ च्या या कायद्यानंतर प्लेगविषयीच्या अफवा थांबल्या नाहीत. मल्कोवाल त्यानंतरचेच आहे. कायद्याने बोलणाऱ्याचे तोंड धरता येते, ऐकणाऱ्याला खरे कळण्याची सोय त्यातून होत नाही.

आजच्या काळाविषयी एक आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १८९६ ची अफवा भीतीतून आपोआप उगवली. आताची खोटी बातमी पुष्कळदा कोणीतरी पैसे खर्चून, हेतू धरून, चित्रे जोडून तयार करतो आणि ती तासाभरात लाखोंकडे जाते, तेव्हा जुन्या साथीतले धडे इथे चालतील का? खोटे कसे जन्मते आणि किती वेगाने धावते, यांत फरक पडला आहे हे उघड आहे. पण ते रुजते कुठे, हा प्रश्न तोच राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ही माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातली, भिक्षेकरी आणि भटकी. मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश आधीपासून फोनांवर फिरत होते. या पाच जणांना नेऊन मारले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली, आणि पुढे २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. वेग कमी करणे उपयोगाचे आहे आणि ते आधीच व्हायला हवे होते. तरी राईनपाड्यात त्या दिवशी उणीव होती ती दुसरी. मंगळवेढ्याला एक फोन करून ही माणसे कोण आहेत हे विचारणारा, आणि ज्याने विचारले तर जमाव थांबेल असा, कोणी तिथे नव्हता. फिरस्त्या समाजाची गावाशी असलेली जुनी ओळख तुटली होती, आणि पोलीस ठाणे दूर होते. शाळांतून मुलांना बातमी तपासायला शिकवणे, छायाचित्र मूळ कुठले हे शोधायला लावणे, ही कामे आता सुरू झाली आहेत आणि ती वाढावीत. पण तपासायला शिकलेल्या मुलाने तपासावे कुठे, याचीही तजवीज हवी. आशाताई, ग्रामसेवक, बीट हवालदार, तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर यांच्याकडे विचारल्यावर त्याच दिवशी खरे उत्तर मिळाले पाहिजे. 'अजून कळलेले नाही' हेही उत्तर देण्याची त्यांना मुभा पाहिजे. आणि ज्या खात्याच्या हातून चूक होईल, त्या खात्याने ती मल्कोवालसारखी पाच वर्षे न कुजवता, आठवड्याच्या आत, गावाच्या भाषेत, गावात येऊन सांगितली पाहिजे.